‘मेट्रोपोलिस’ची कोणती आवृत्ती घ्यावी?

प्रश्न (इंदूर): रामबागेतल्या आमच्या छोट्या मंडळात फ्रिट्झ लांग यांचा १९२७ सालचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट दाखवायचा आहे. माझ्याकडे २००१ च्या पुनरुज्जीवनाची (जुन्या प्रती दुरुस्त करून, जोडून केलेल्या आवृत्तीची) डीव्हीडी असताना २०१० ची ब्लू-रे घेणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर १: आवश्यक आहे. २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये सापडलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रतीमुळे सुमारे २५ मिनिटांची हरवलेली दृश्ये परत मिळाली, ती २०१० च्या आवृत्तीत आहेत आणि आपल्या डीव्हीडीत केवळ पाट्यांवर वाचावा लागणारा बराचसा कथाभाग प्रत्यक्ष दिसू लागला. कथेतल्या शहराच्या मालकाचा जो हेर आहे, त्या पात्राला तर आता कुठे काम मिळाले आहे. मात्र या भागांवर ओरखडे पुष्कळ आहेत आणि त्या प्रतीची चौकट अपुरी असल्याने कडेला काळी पट्टी दिसते. डिस्क सदोष समजून परत करू नये.

उत्तर २: दोन्हींत गॉटफ्रिड हुपर्ट्झ यांचेच मूळ संगीत आहे. संगीतकार जॉर्जियो मोरोडेर यांची १९८४ ची रंगीत छटांची, पॉप गाण्यांची आवृत्ती दीड तासाहूनही लहान आहे. माझ्या मते ती केवळ गंमत म्हणून पाहावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ब्लू-रेच मागवतो, जवळपास अडीच तासांचा खेळ असल्याने मध्यंतरात पोह्यांची सोय करावी लागेल.