केलेब विल्यम्स: आधी ६८ सॅक, मग २४. पोरगा शिकला, की त्याला सांभाळून घेतलं?

नेपरविलकर

आमचे शिकागो बेअर्स प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) रॅम्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये हरले त्याला बरेच आठवडे झाले, पण आमच्याकडे वाद काही थांबत नाही. ऑफिसात तेच, मंडळाच्या हळदीकुंकवातही तेच. आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) केलेब विल्यम्स खरंच घडतोय, की नवा कोच बेन जॉन्सननं त्याला सांभाळून घेतलंय? मला माझं म्हणणं एकदा नीट मांडायचं आहे.

जे हा खेळ रोज पाहत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. केलेबला २०२२ मध्ये अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा मान, हाइजमन ट्रॉफी, मिळाला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात) शिकागो बेअर्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. शंभर वर्षं ओलांडलेल्या या क्लबच्या एकाही क्वार्टरबॅकनं एका हंगामात पासांमधून ४,००० यार्डांचा टप्पा गाठलेला नाही. २०१७ मध्ये मिच ट्रुबिस्कीला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि पुढे मोठा ठरलेला पॅट्रिक महोम्स दहाव्यावर कॅन्सस सिटीला गेला, ती जखम अजून ओली आहे. अशा गावात बावीस वर्षांचं पोर आलं आणि पहिला स्नॅप (खेळ सुरू करताना हातात येणारा चेंडू) घेण्याआधीच लोकांनी त्याला तारणहार करून टाकलं.

पहिलं वर्ष: ५ विजय, १२ पराभव. सलग दहा हरलो. ६८ सॅक (पास टाकण्याआधीच चेंडूसकट पाडलं जाणं), म्हणजे एका हंगामातली इतिहासातली तिसऱ्या क्रमांकाची संख्या. नोव्हेंबरमध्ये आक्रमणाचा कोच शेन वॉल्ड्रनला काढलं. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये टाइमआउट शिल्लक असताना घड्याळ संपू दिलं आणि दुसऱ्या दिवशी मुख्य कोच मॅट एबरफ्लूसही गेला. त्याही गोंधळात या पोरानं सलग ३५३ पास एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं पास पकडणं) न होता टाकले. नवख्यांमध्ये तो विक्रम आहे.

दुसरं वर्ष, २०२५: नवा कोच बेन जॉन्सन, ११ विजय, ६ पराभव, विभागाचं विजेतेपद. पासांचे ३,९४२ यार्ड, क्लबचा विक्रम. २७ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. सॅक फक्त २४.

तरी लोक बोट ठेवतात ते एकाच आकड्यावर. पूर्ण झालेल्या पासांची टक्केवारी ६२.५ वरून ५८.१ वर आली. ‘मागे गेला’ म्हणतात.

मी वही घेऊन बसलो. सॅक झाला तर तो पासांच्या हिशेबात धरतच नाहीत. पण क्वार्टरबॅकनं तोच चेंडू मैदानाबाहेर फेकून दिला, तर तो अपुरा पास धरतात आणि टक्केवारी पडते. २०२४ मध्ये त्याचे ५६२ पैकी ३५१ पास पूर्ण झाले. दोन वर्षांतल्या सॅकचा फरक ४४. पहिल्या वर्षी त्यानं हे ४४ चेंडू अंगावर न घेता बाहेर फेकले असते, तर ६०६ पैकी ३५१ झाले असते. म्हणजे ५७.९ टक्के! यंदाचा आकडा ५८.१. ज्याला तुम्ही घसरण म्हणताय, ती मला तरी शहाणपणाची किंमत दिसते. तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) सहा-सात यार्ड मागे जाऊन पडण्यापेक्षा चेंडू बाहेर गेलेला कधीही परवडला.

सडेतोड

हिशेब चोख आहे, पण त्यातून तुमच्याच विरुद्धची गोष्ट सिद्ध होते.

सॅकचा फरक हिशेबात धरून टक्केवारी जवळपास तेवढीच येत असेल, तर दोन वर्षांत फेक सुधारली कुठे? डोकं सुधारलं असेल, मान्य. हात होता तिथेच आहे. खुद्द जॉन्सननं हंगामाआधी ७० टक्क्यांचं लक्ष्य जाहीर केलं होतं. त्यापासून हा बारा टक्के दूर राहिला.

आणि बाहेर फेकलेल्या चेंडूंनी सगळं भागत नाही. बाजूला मोकळा उभा असलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू), पाच यार्डांचा पास, आणि चेंडू त्याच्या गुडघ्यापाशी किंवा मागे. असे पास मी यंदा दर सामन्यात मोजलेत. ते दबावाखाली टाकलेले नव्हते. त्याच ड्राफ्टमधला तिसऱ्या क्रमांकाचा ड्रेक मे बघा. तोही दुसऱ्याच वर्षात, त्यालाही नवा कोच. त्याची टक्केवारी ७२, सगळ्या लीगमध्ये पहिली, आणि त्याचा संघ न्यू इंग्लंड सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात).

बेअर्सच्या ११ विजयांत बचावाचा वाटा किती, तेही सांगा ना. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावण्यात शिकागो लीगमध्ये पहिलं होतं. दरवर्षी तसं होत नसतं. पुढच्या वर्षी ते आटलं की या ५८ टक्क्यांचं ओझं कुणाच्या खांद्यावर येणार?

कोथरूडचा_वाचक

मी पुण्यातून बघतो. पॅकर्सविरुद्धचा प्लेऑफ आमच्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला होता. मध्यंतराला २१-३ पाहून टीव्ही बंद करणार होतो. चहा होईपर्यंत थांबलो म्हणून ती चौथी क्वार्टर पाहायला मिळाली. २५ गुण त्या एका क्वार्टरमध्ये! चौथा डाउन, आठ यार्ड हवे, डावीकडे पळता पळता हवेत उडी मारून रिसीव्हर (पास पकडणारा) ओडुन्झेला दिलेला तो पास मी दिवसभर पुन्हा पुन्हा लावून बघितला.

मला आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं. विनोद कांबळीनं १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोट्यांत २२४ आणि २२७ केल्या. तेव्हा कुणाला वाटलं असतं की १९९५ नंतर तो एकही कसोटी खेळणार नाही? सुरुवातीच्या आकड्यांवरून भविष्य सांगणं अवघड असतं. दोन्ही बाजूंना.

नेपरविलकर

@कोथरूडचा_वाचक, उदाहरण मनाला लागलं, पण इथे ते पूर्ण बसत नाही. कांबळीला कुणी सावलीसारखं राखत नव्हतं. तो, बॅट आणि समोरून येणारा चेंडू. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड माणसं उभी असतात आणि ती अडीच सेकंद टिकली तरच त्याचं कौशल्य दिसतं. मार्च २०२५ मध्ये बेअर्सनी जो थूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डॅलमन असे मधले तिघंच्या तिघं नवे आणले. सॅक कमी झाले त्यात त्यांचा मोठा वाटा आहे आणि मी तो नाकारत नाही.

पण २०२४ चे सामने परत लावून बघा. त्यातले कितीतरी सॅक ओ-लाइनचे (त्या पाच जणांच्या फळीचे) नव्हते, त्याचेच होते. कॉलेजात जमायचं म्हणून चेंडू धरून गोल गोल पळायचा आणि सापडायचा. ही सवय मोडणं सगळ्यात अवघड, कारण याच सवयीनं त्याला हाइजमन मिळवून दिली होती.

@सडेतोड, जवळचे पास चुकतात, अगदी बरोबर. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण आज नावाजलेल्या जॉश ॲलनची पहिल्या वर्षाची टक्केवारी ५२.८ होती आणि तेव्हाही सगळे म्हणत होते की अचूकता शिकवता येत नाही.

सडेतोड

ॲलनचं नाव येणार हे ठाऊक होतं. प्रत्येक चुकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बचावाला ॲलनलाच उभं करतात. एक ॲलन घडला, त्यामागे किती न घडलेले आहेत? डेव्हिड कार २००२ मध्ये ह्यूस्टनचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. पहिल्याच वर्षी ७६ सॅक. तो त्यातून कधी बाहेर आला नाही. आपण उरलेल्यांची नावं विसरतो, म्हणून ॲलन नियम वाटायला लागतो.

चीजहेड_मिलवॉकी

मी पॅकर्सवाला आहे, तेव्हा त्या रविवारच्या सकाळबद्दल काही बोलणार नाही. अजून सहन होत नाही.

पण तुम्ही दोघंही मूळ प्रश्न सोडताय. पहिल्या वर्षी त्याला मैदानात उतरवलंच का? आमच्याकडे ॲरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे बसला, जॉर्डन लव तीन वर्षं रॉजर्सच्या मागे. महोम्ससुद्धा २०१७ मध्ये ॲलेक्स स्मिथच्या मागे होता. बेअर्सनी पहिल्या आठवड्यापासून त्याला उभं केलं, तेही अशा कोचच्या हाताखाली ज्याची खुर्ची आधीच डळमळत होती. फिल्म (सामन्यांचं चित्रीकरण) कशी बघायची हे पहिल्या वर्षी कुणी शिकवलंच नाही, असं तो वडिलांना म्हणाल्याचं २०२५ च्या मे महिन्यात बाहेर आलं. ही बातमी खरी असेल, तर पहिल्या वर्षाचे आकडे त्याच्या नावावर मांडणंच अन्याय आहे. ते क्लबच्या नावावर मांडा.

सडेतोड

पेटन मॅनिंग १९९८ मध्ये पहिल्या दिवसापासून खेळला. २८ इंटरसेप्शन, ३ विजय, १३ पराभव. तो खेळूनच शिकला. बसवून ठेवणं हा काही एकच मार्ग नाही. पण क्लबबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य.

पारिजातक

इतके दिवस नुसती वाचत होते. आज लिहावंसं वाटलं.

माझा मुलगा इथे हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक आहे, दुसऱ्या फळीचा. त्यामुळे मी हा खेळ वेगळ्या डोळ्यांनी बघते. नोव्हेंबर २०२३ मध्ये, कॉलेजात असताना, वॉशिंग्टन विद्यापीठाशी हरल्यावर केलेब प्रेक्षकांत जाऊन आईच्या कुशीत रडला होता. त्यानंतर महिनोन् महिने माणसं बोलत होती, हा कच्चा आहे, हा नेता होऊ शकत नाही. त्याच्या रंगवलेल्या नखांवरही बोलले. त्याची आई नेल टेक्निशियन आहे. मुलगा आईची कला बोटांवर मिरवतो, यात त्याच्या फेकीचा काय संबंध? ड्राफ्टच्या आधी हे सगळं ‘मूल्यमापन’ म्हणून चाललं होतं. माझा मुलगा तेव्हा नववीत होता. एक सामना हरून आला आणि गाडीत मला म्हणाला, ‘आई, तिथे रडायचं नसतं ना?’ त्या दिवसापासून मला या चर्चांचा राग येतो.

खेळाबद्दलही एक सांगते. पहिल्या हंगामात त्याच्या गावाजवळ वॉशिंग्टनच्या एनएफएल संघाविरुद्ध बेअर्स शेवटच्या क्षणी हेल मेरीवर (नशिबावर टाकलेल्या लांब पासवर) हरले. जेडन डॅनियल्सचा चेंडू हातांना लागून उडाला आणि नोआ ब्राउनच्या हातात पडला, १८-१५. डॅनियल्स त्याच ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा. त्यानं संघाला १२ विजय मिळवून दिले, नवख्यांचा पुरस्कार घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सगळीकडे एकच सूर होता: शिकागोनं चुकीचा मुलगा उचलला. पुढच्या वर्षी डॅनियल्सला दुखापतींनी गाठलं, तो जेमतेम सात सामने खेळला, आणि सूर उलटा झाला. दोघांपैकी कुणाची गुणवत्ता एका वर्षात इतकी बदलली होती?

कोथरूडचा_वाचक

पारिजातकताई, वाचून गप्प झालो. मुलाला शुभेच्छा सांगा.

सडेतोड

ताई, रडण्यावर आणि नखांवर बोलणाऱ्यांशी माझं काही नातं नाही, हे आधी स्पष्ट करतो. ती चर्चा लाजिरवाणी होती.

पण कडक मूल्यमापन म्हणजे दुष्टपणा नव्हे. २०२६ चा हंगाम संपला की केलेबचे तीन हंगाम पूर्ण होतात आणि क्लबला त्याच्याशी नवा करार करता येतो. वरच्या फळीतल्या क्वार्टरबॅकचा भाव आज वर्षाला साडेपाच-सहा कोटी डॉलर आहे. डॅक प्रेस्कॉटला २०२४ मध्ये सहा कोटी मिळाले. तो करार झाला की थूनीसारखी माणसं आणायला पैसे उरत नाहीत. मग पोराला स्वतःच्या हातावर उभं राहावं लागेल. त्या आधी प्रश्न विचारायचे नाहीत, तर कधी विचारायचे?

रॅम्सविरुद्धचाच सामना घ्या. चौथा डाउन, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ, मागे मागे पळत त्यानं कोल केमेटला जो टचडाउन दिला, तसा पास मी आयुष्यात पाहिला नाही. मी उभा राहून ओरडलो. पण त्याच सामन्यात तीन इंटरसेप्शन आहेत, आणि शेवटचं ओव्हरटाइममध्ये. चेंडू आपल्याकडे होता. एक फील्ड गोल पुरला असता. २०-१७.

नेपरविलकर

ते तिसरं इंटरसेप्शन मी निदान वीस वेळा बघितलंय. रिसीव्हर डीजे मूर एका दिशेनं वळला, चेंडू दुसरीकडे गेला. दोघांच्या मनात दोन वेगळे रूट (पळायचे ठरलेले मार्ग) होते. हा हाताचा दोष नाही. सराव कमी पडला, भाषा एक झालेली नाही. जॉन्सनच्या पद्धतीतलं हे पहिलंच वर्ष होतं. रॅम्सचा तेव्हाचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ २०१६ मध्ये सात सामने खेळला आणि सातही हरला. पुढच्या वर्षी कोच म्हणून शॉन मॅकव्हे आला, पण गॉफला आपण आज ओळखतो तो डेट्रॉइटमध्ये, जॉन्सनच्याच हाताखाली काही वर्षं काढलेला. सॅम डार्नल्ड २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर आला, न्यू यॉर्कनं टाकला, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सिएटलकडून सुपर बोल जिंकला. आठव्या हंगामात!

तरी सडेतोडांचा एक मुद्दा मला टोचत राहिलाय. काल रात्री ब्राउन्स आणि वायकिंग्जविरुद्धचे सामने पुन्हा लावले आणि फक्त पहिल्या डाउनचे जवळचे पास बघितले. जिथे चुकतो तिथे बहुतेक वेळा त्याचा पुढचा पाय पडायच्या आधीच हात सुटलेला असतो. पाय एका लयीत, हात दुसऱ्याच.

चीजहेड_मिलवॉकी

हे रॉजर्सचंही होतं सुरुवातीला. चेंडू कानापाशी उंच धरायची सवय मोडायला आमच्या कोचना दोन-तीन उन्हाळे लागले. बसून होता म्हणून जमलं.

सडेतोड

पायाचं निरीक्षण पटलं. मी जवळचे चुकलेले पास मोजले, पण पाय बघितले नव्हते. सप्टेंबरमध्ये पहिले चार सामने मी नुसते त्याचे पाय बघणार आहे. तोवर माझं मत तसंच: हा चांगला आहे, पण अजून सहा कोटींचा नाही.

पारिजातक

मुलाला हा धागा दाखवला. अंगणात जाऊन पंधरा मिनिटं आरशासमोर चेंडू न घेता नुसता पाय टाकत होता.