चिनी शंगच्या चार नळ्या वाजत नाहीत. पेटीची सवय असलेल्याने सुरुवात कशी करावी?

करवीर_पेटी (कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्या शहराने ऐकली, त्या कोल्हापुरात मी गेली पंचवीस वर्षे भजनाला आणि गायनाला पेटीची साथ करतो. माझा भाचा वैद्यकीय शिक्षणासाठी चीनमध्ये होता. परत येताना तेथील जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्याने माझ्यासाठी शंग नावाचे तोंडाने फुंकण्याचे वाद्य आणले. पितळेची वाटी, तिच्या कडेला फुंकण्यासाठी चोच आणि वाटीत गोलाकार उभ्या बसवलेल्या बांबूच्या १७ नळ्या, असे त्याचे रूप आहे. पेटीशी ताडून पाहिले असता त्याचा षड्ज पांढरी दोनचा असावा असे वाटते.

अडचणी तीन आहेत. चार नळ्या काही केल्या वाजत नाहीत. एक नळी हलवताना सहज निघून आली, तेव्हा तिच्या खालच्या टोकाला धातूची बारीक जीभ दिसली आणि तिच्यावर हिरवा थर होता. तो गंज असल्याचे सांगून एका पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी तो पात्याने खरवडून तेलाचा हात देण्याचा सल्ला दिला आहे. अजून मी तसे केलेले नाही. तिसरी अडचण वादनाची. नळीचे भोक उघडे ठेवले की आवाज येत नाही आणि झाकले की येतो, ही उलटी रीत बोटांना पटत नाही. कोणी हे वाद्य वाजवत असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

सुषिरप्रेमी (पुणे)

पहिली आणि कळकळीची विनंती ही की तो हिरवा थर अजिबात खरवडू नये. तो गंज नाही. शंग बनवणारे कारागीर हिरवा दगड पाण्यात उगाळून त्याचा लेप जिभेवर मुद्दाम चढवतात, म्हणजे श्वासातील दमटपणाने धातू खराब होत नाही. जपानमध्ये याच वाद्याचे शो नावाचे रूप वाजवतात, त्याच्या जिभांवरही असाच लेप असतो. जिभेच्या टोकाजवळ मेणाचा ठिपका दिसेल, तोही काढू नये; त्या मेणाच्या वजनावर सूर जुळवलेला असतो, मेण वाढवले की सूर उतरतो आणि कमी केले की चढतो. तेल तर मुळीच नको, कारण त्यावर धूळ बसून जीभ अडकते.

मुक्या नळ्यांबद्दल सांगायचे तर चारही नळ्या बिघडल्या आहेत असे लगेच समजू नये. जुन्या घडणीच्या अनेक शंगांत नळ्या १७ असल्या तरी जिभा १३ किंवा १४च असतात आणि उरलेल्या नळ्या केवळ आकार पूर्ण करण्यासाठी असतात. शोमध्येही १७ पैकी दोन नळ्या मुक्याच असतात. नळीला बुडाशी धरून, हलकेच फिरवत वर काढावे आणि टोकाला जीभ आहे की नाही ते पाहावे. नळ्यांच्या उंचीवरूनही काही ठरत नाही, कारण मिटलेल्या पंखांसारखा तो आकार शोभेसाठी आहे. हवेच्या स्तंभाची खरी लांबी नळीच्या वरच्या भागात कोरलेली खाच ठरवते.

भोक झाकल्यावरच आवाज का येतो, हेही त्यातच आहे. भोक उघडे असताना नळीतील हवेचा आणि जिभेचा मेळ बसत नाही, म्हणून जीभ गप्प राहते. भोक झाकले की मेळ बसतो आणि ती कंप पावते. पेटीचा सूर, म्हणजे तिची जीभ, वेगळ्या पट्टीवर एका बाजूने बसवलेला असल्यामुळे हवा एकाच दिशेने गेली तरच बोलतो. शंगची जीभ मात्र त्याच पत्र्यात तीन बाजूंनी कापून पातळीतच ठेवलेली असते, म्हणून फुंकले तरी आणि हवा आत ओढली तरी तोच स्वर मिळतो. पेटीवाल्याला भात्याची परतीची हालचाल सांभाळावी लागते. येथे श्वास घेणे हाच वादनाचा भाग असल्यामुळे स्वर अखंड चालू ठेवता येतो.

त्यामुळे पहिले काही दिवस बोटांचा विचार बाजूला ठेवून एकच भोक झाकावे आणि चार मात्रा फुंकणे, चार मात्रा ओढणे असा अभ्यास करावा. दिशा बदलताना आवाजाला धक्का बसत नाही, इतके ते जमले पाहिजे. नंतर जिभेने ‘तु’ असा उच्चार करत स्वर वेगळे काढावेत आणि मग ‘तु-कु’ची जोडी घ्यावी. वाटी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरतात आणि उजव्या हाताची तर्जनी नळ्यांच्या वर्तुळातील फटीतून आत घालून आतल्या बाजूची भोके झाकतात. हे सुरुवातीला अवघड वाटते, पण बसून नीट धरल्यास सवय होते.

आपण भजनी आहात, तेव्हा भूप रागाने सुरुवात करा. सा रे ग प ध हे पाच स्वर चिनी संगीतातही मूळचेच आहेत. शंगवर एकेरी स्वर क्वचितच वाजवतात, सोबत त्याचा वरचा पंचम किंवा वरच्या सप्तकातील तोच स्वर धरण्याची रीत आहे. सा-प, रे-ध, प-रे, ध-ग या जोड्या भूपात चालतात. गंधाराचा पंचम मात्र निषाद होतो आणि भूप बिघडतो, म्हणून ग एकटा किंवा धैवतासोबत वाजवावा.

बाजाची_पेटी (मिरज)

वरील उत्तराला माझी थोडी पुरवणी. श्वासाची वाफ थंड जिभेवर बसली की सूर उतरतो किंवा बंदच पडतो. त्यासाठी वाजवण्यापूर्वी वाटी दोन्ही हातांत धरून ऊब द्यावी. जपानी वादक शो निखाऱ्यांवर हळूहळू शेकून घेतात. आपल्याकडे शेकण्याची घाई करू नये, कारण मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेल्या शंगाचे मेण त्याच्या आधीच मऊ पडून सूर बिघडतो. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर नळ्या कोरड्या होऊ देऊन मगच वाद्य डब्यात ठेवावे.

तारप्याला आणि पुंगीलाही वाटीसारखा भोपळा असतो, म्हणून अनेक जण शंगला त्यांचा चिनी भाऊ समजतात, ते खरे नाही. त्यांची जीभ भोकाच्या कडेवर आपटते, शंगची जीभ मोकळी आत-बाहेर हलते. खरे नातेवाईक शोधायचे तर मिझोराममधील रॉचेम पाहावा. तो भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचाच आहे. शंगचे अवशेष चीनमधील हुबेई प्रांतात १९७८ साली उत्खननात सापडलेल्या, इसवी सनपूर्व ४३३च्या सुमाराच्या एका राजाच्या थडग्यातही मिळाले आहेत, आणि अलेक्झांद्र दबँ यांनी पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले ते १८४२ साली. आपल्या पेटीची मोकळी जीभ या घराण्यातलीच आहे.

करवीर_पेटी (कोल्हापूर)

दोघांचेही मनापासून आभार. काल सर्व नळ्या बुडाशी धरून एकेक काढल्या. मुक्या चारपैकी तीन नळ्यांना जीभच नाही. चौथीच्या जिभेवर ओल होती. ती रात्रभर कोरडी होऊ दिल्यावर आज सकाळी मध्यमाचा स्वर स्वच्छ लागला. हिरव्या थराला हात लावलेला नाही. फुंकणे आणि ओढणे यांची चार-चार मात्रांची आवर्तने सुरू केली आहेत. ओढताना स्वर किंचित मागे राहतो, एवढे सध्या जाणवते.