दरीच्या काठावर कळलेल्या रीतीभाती : अनुभव धागा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील कितीतरी घरांतली मुले आता परदेशी नोकरी करतात आणि त्यांच्याकडे गेलेले आईवडील परतल्यावर एक फोटो हमखास दाखवतात : लोखंडी कठडा, त्याच्या मागे तांबडी-पिवळी, थराथरांची अफाट दरी. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील ग्रँड कॅनियन सुमारे ४४६ किलोमीटर लांब आहे, काही ठिकाणी तिची रुंदी २९ किलोमीटरपर्यंत जाते आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक भरते. १९१९ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७९ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दरीचे वर्णन आपण पुष्कळ ऐकले आहे. या वेळी विनंती अशी की, तिथे किंवा अशाच एखाद्या दरीच्या काठावर निरनिराळ्या देशांची माणसे एकत्र आल्यावर वागण्याबोलण्यातला जो फरक जाणवला, तो लिहावा. स्वतःचा अनुभव लिहावा, ऐकीव नको. आणि आपली फजिती झाली असेल तर ती आधी लिहावी.

टिळकवाडी, बेळगाव (निवृत्त शिक्षिका)

फजितीपासूनच सुरुवात करते. मुलाकडे फिनिक्सला चार महिने होते, तेव्हा सूर्योदय पाहण्यासाठी आम्ही ग्रँड कॅनियनच्या मेदर पॉइंटला गेलो. कठड्याशी दीडदोनशे माणसे असावीत, पण देवळाच्या गाभाऱ्यात असते तशी शांतता होती. आमच्या ह्यांनी मागे राहिलेल्या पुतण्याला, आपण जोतिबाच्या डोंगरावर मारतो तशी खणखणीत हाक मारली, "अरे ये की इकडे, हितनं बघ!" आजूबाजूचे पाचसात चेहरे आमच्याकडे वळले आणि लगेच पुन्हा दरीकडे वळले. कोणी शब्दाने बोलले नाही, पण चाळीस वर्षे वर्ग सांभाळल्यामुळे त्या वळून पाहण्याचा अर्थ मला सांगावा लागला नाही.

उजाडल्यावर मी डबा उघडला. शेजारी आमच्याच वयाचे एक अमेरिकन जोडपे होते, त्यांच्यापुढे बेसनाचे लाडू धरले. बाई हसून नको म्हणाल्या. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचे आणि तिसऱ्यांदा घ्यायचे असते, म्हणून मी पुन्हा आग्रह केला आणि मग आणखी एकदा केला. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. मुलगा हळूच म्हणाला, "आई, इथे पहिलं नको हेच शेवटचं नको असतं." मला वाईट वाटले ते त्यांनी लाडू घेतला नाही याचे नव्हते, आपल्या मायेचा त्यांना जाच झाला याचे होते.

परतताना दगडी पायऱ्यांवर माझा गुडघा अडला. मागून येणारा एक तरुण थांबला आणि त्याने विचारले, "मी हात दिला तर चालेल का?" मी हो म्हटल्यावरच त्याने हात पुढे केला. आपल्याकडे अशा वेळी कोणीही "सावकाश हं मावशी" म्हणत सरळ दंड धरला असता. त्याचे विचारणे मला मनापासून आवडले. मात्र पाय खरोखरच घसरला असता तर विचारण्यापुरता तरी वेळ मिळाला असता का, ही शंका अजून गेलेली नाही.

निपाणी (व्यापारी)

आम्ही ग्रँड कॅनियनच्या ब्राइट एंजल या पायवाटेने थोडे खाली उतरलो होतो. दरीच्या तळाशी वाहणाऱ्या नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा प्रयत्न करू नये, असे फलक तिथे आहेत आणि ते का आहेत हे चढताना कळते. आपल्या गडांवर आधी दम लागतो आणि मग उतार मिळतो. इथे उतार आधी आणि चढ शेवटी, शिवाय उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशीच्या वर जातो. त्या वाटेचा एक संकेत असा की, उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. खेचरांचा तांडा आला तर सर्वांनी दरीची कड सोडून डोंगराच्या बाजूला गप्प उभे राहायचे आणि तांड्याचा माणूस सांगेल तसे करायचे.

वाटेत भेटणारा प्रत्येक जण "हाऊ आर यू" विचारत होता. पहिल्या गृहस्थांना मी थांबवून गुडघ्याचे दुखणे, साखर आणि चालू असलेल्या गोळ्या असे सविस्तर सांगितले. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतले, पण त्यांचे पाय पुढे निघालेले दिसत होते. नंतर विचार केला, तर आपल्याकडे भर दुपारी चार वाजता "जेवलात काय?" किंवा कानडीत "ऊट आयता?" असे विचारतात, तेव्हा तरी कोणाला भाजी कोणती होती हे ऐकायचे असते? पुढच्या वळणापासून मीही "फाइन, थँक यू" एवढ्यावर आलो.

खानापूर

आंबोली घाटात गाडी थांबवून माकडांना शेंगदाणे घालणारे आम्ही लोक, त्यामुळे ग्रँड कॅनियनच्या काठावर खारी पायाशी आल्यावर हात आपोआप पिशवीत गेला. उद्यानाच्या रेंजरबाईंनी मला "सर" म्हणत, आवाज जराही न चढवता सांगितले की, वन्य प्राण्यांना खायला घालणे हा इथे गुन्हा आहे आणि या खारी बोटाला चावतात. इतक्या मऊ शब्दांत रागावलेले मी आयुष्यात प्रथमच अनुभवले. नातवाने दरीत खडा टाकण्यासाठी उचलला होता, तोही त्याने न सांगता खाली ठेवला. खालच्या वाटेवर माणसे असतात, म्हणून तेही चालत नाही.

गोकाक

मी परदेशी गेलेलो नाही, पण माझ्याकडे परदेश आला होता. भाच्याच्या कंपनीतील एक जर्मन अभियंता पावसाळ्यात दोन दिवस आमच्या घरी राहिला आणि मी त्याला गोकाकचा धबधबा दाखवायला नेले. घटप्रभा तिथे वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली घळीत उडी घेते. पाणी गढूळ तांबूस होते आणि त्याचे तुषार झुलत्या पुलापर्यंत येत होते. त्याला ते दृश्य फार आवडले. परंतु अर्ध्या तासात निदान वीस जणांनी न विचारता त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. त्याने एकालाही झिडकारले नाही, मात्र खांदा दर वेळी आक्रसत होता आणि ते पाहून मलाच ओशाळल्यासारखे झाले.

चहाच्या गाड्यावर लोकांनी त्याला लग्न झाले का, पगार किती, आईवडिलांना कोण सांभाळते, हे सगळे विचारून घेतले. मी मध्ये पडू लागलो तेव्हा तोच म्हणाला की, आमच्याकडे हे प्रश्न उद्धटपणाचे ठरले असते, पण इथे विचारणाऱ्यांनी माझ्या चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. पगार त्याने सांगितला नाही, हेही नमूद करतो.

त्या दिवशीची मला खरी लागलेली गोष्ट वेगळीच आहे. पाण्याची रिकामी बाटली हातात घेऊन तो ती कुठे परत द्यायची असे विचारत राहिला. जर्मनीत बाटलीमागे अनामत रक्कम घेतात आणि बाटली परत केली की ती मिळते, असे त्याने सांगितले. घळीच्या कडेला पडलेल्या बाटल्यांकडे त्याने एकदाच पाहिले आणि आपली बाटली बॅगेत टाकून थेट बेळगावपर्यंत आणली. मला त्या क्षणी आमच्या गोकाकच्या प्रसिद्ध मिठाईचा, करदंटाचा विषय काढावासा वाटला आणि मी तो काढला.

बेळगाव (सध्या तैवानमध्ये)

तारोको ही संगमरवरी कड्यांची घळ २०२४ च्या एप्रिलमधील मोठ्या भूकंपापूर्वी पाहिली होती. वरून दगड सुटतात म्हणून एका वाटेवर पर्यटकांना शिरस्त्राण वापरायला देत. देणाऱ्या आजीबाईंनी ते दोन्ही हातांनी पुढे केले आणि मी मोबाइल सांभाळत डाव्या हाताने घेतले. त्या काही बोलल्या नाहीत. डाव्या हाताने वस्तू घेतल्याबद्दल लहानपणी आजीचा मार खाल्लेल्या मला मात्र त्या काही बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

संकेश्वर (निवृत्त एस.टी. कर्मचारी)

वरील अनुभव वाचले. माझे मत जरा निराळे आहे. ग्रँड कॅनियनच्या फुकट बससाठी सगळे रांगेत उभे होते. त्यांत चिनी होते, मेक्सिकोचे होते आणि आपले गुजरातीही होते. मग ती शिस्त कोणत्या देशाची म्हणायची? पुढची बस दहापंधरा मिनिटांत येणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. आपल्या बसस्थानकावर सणाच्या आदल्या दिवशी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस जन्मतः असभ्य नसतो. पुढची गाडी येईल यावर त्याचा विश्वास नसतो, आणि नोकरीत तीस वर्षे घालवलेला मी त्याला दोष देऊ शकत नाही. तोच माणूस पंढरीच्या दर्शनबारीत तासन् तास उभा राहतो. कठडा ओलांडून टोकाच्या खडकावर फोटोसाठी बसलेले दोघे तरुण मी तिथे पाहिले, ते अमेरिकनच होते. टिळकवाडीच्या बाईंच्या शंकेबद्दल एवढेच सांगतो की, माझी पत्नी तिथे खरोखर घसरली होती आणि तिला कोणीही काही न विचारता धरले.

शहापूर, बेळगाव

संकेश्वरच्या काकांशी मी बराचसा सहमत आहे, तरी एक आठवण लिहितो. ब्राइट एंजल वाटेवर झाडापाण्याची एक जागा आहे. तिचे नाव पूर्वी इंडियन गार्डन होते आणि २०२२ मध्ये ते हवासुपाई गार्डन्स असे झाले, कारण तिथे वस्ती करून शेती करणाऱ्या हवासुपाई या आदिवासी लोकांना उद्यानासाठी तेथून घालवण्यात आले होते. रेंजर हे सांगत असताना कड्याकडे बोट करून त्यांनी असेही सांगितले की, समोरच्या सुळक्यांना विष्णू आणि शिव ही नावे एकोणिसाव्या शतकात एका अमेरिकन भूवैज्ञानिकाने दिली. ते ऐकून आमच्या गटाने टाळ्या वाजवल्या. जवळ उभ्या असलेल्या एका स्थानिक बाईंनी वाजवल्या नाहीत. आपल्या देवांची नावे दुसऱ्यांच्या डोंगरांवर पाहून आपण हरखलो, याचा थोडा संकोच तेव्हा वाटला आणि अजूनही वाटतो.

नंतर रेंजरनी प्रत्येकाला गाव विचारले. माझ्या पारपत्रावर एक नाव आहे, २०१४ पासून सरकारी कागदावर दुसरे आहे आणि घरी आम्ही तिसऱ्याच पद्धतीने उच्चारतो, त्यामुळे मी क्षणभर अडखळलो. त्यांनी काही सेकंद वाट पाहिली आणि विचारले, "तुम्ही स्वतः काय म्हणता?"

मी म्हटले, "बेळगाव." त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले. 'ळ' काही त्यांना जमला नाही.