मदत हवी आहे: छोट्या डिझेल इंजिनची नवी हॅचबॅक, वापर नाशिक आणि द्राक्षबाग. घ्यावी का?

इंदिरानगरी

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आत निर्णय घ्यायचाय. जुने धागे चाळले, पण बहुतेक एकतर एसयूव्हीचे आहेत नाहीतर २०२० च्या आधीचे, म्हणजे बीएस-६ (धुराचे नवे कडक नियम) येण्यापूर्वीचे.

घरात २०१२ ची स्विफ्ट डिझेल आहे. तेच ते १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट, जे एकेकाळी मारुती, टाटा, फियाट सगळ्यांच्या बॉनेटखाली होतं. १ लाख ८६ हजार किमी झाले. इंजिनाबद्दल तक्रार नाही, पण टर्बोची शिट्टी वाढलीये, क्लच दुसऱ्यांदा कामाला आलाय, एअरबॅग नाहीत, आणि मागे आई, बायको, सातवीतला मुलगा बसले की कोणाचा तरी खांदा दारात जातो.

वापर असा: ऑफिस अंबडला, घरापासून पाच-सहा किमी. वडिलांची फिजिओथेरपी, मुलाचे क्लास, भाजी, सगळं त्याच पट्ट्यात. आणि पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे, एका बाजूला साधारण ३५ किमी. आता गोडी छाटणी (ऑक्टोबरातली, फळासाठीची) सुरू झाली, म्हणजे मार्चपर्यंत आठवड्यातून चार-पाच चकरा. अधूनमधून पुणे, वर्षातून दोनदा वणी.

हॅचबॅकमध्ये नवीन डिझेल म्हणून आता टाटाची अल्ट्रोजच उरलीये. १४९७ सीसी, ताकद ९० पीएस, टॉर्क २०० एनएम, गिअर फक्त मॅन्युअल. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून कोटेशन बरं दिसतंय, तरी पेट्रोलपेक्षा ऑन-रोड जवळपास १ लाख ४० हजार जास्त. शोरूमवाला म्हणतो, "साहेब, बिनधास्त घ्या." मेहुणा म्हणतो, नवीन डिझेल शहरात चालवलंस की फिल्टर चोक होऊन बसशील. वडील म्हणतात डिझेलशिवाय दुसरं काही दारात उभं करू नकोस. मी तिघांच्या मध्ये.

विचारायचं एवढंच: वर्षाला १३-१४ हजार किमी असतील तर या इंजिनाला हे असं रनिंग चालेल का? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावं. "ईव्ही घ्या" हा सल्ला घरात तीनदा झालाय, चौथ्यांदा नको.

---

राहूडघाट

ईव्ही घ्या. (गंमत केली, रागावू नका.)

गंभीरपणे, सीएनजी पाहिलीत का? अल्ट्रोजमध्येच दोन छोट्या टाक्या तळाशी बसवतात, त्यामुळे डिकी पूर्ण जात नाही, २१० लिटर उरते. रस्ता करही कमी. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३, सीएनजीला त्याहून बरंच खाली. किलोमीटरचा खर्च डिझेलपेक्षा कमीच पडेल.

---

इंदिरानगरी

@राहूडघाट, पाहिली. पण डिझेलची डिकी ३४५ लिटर आहे आणि हंगामात तिच्यात क्रेट, औषधांचे डबे, कधी पंपाची मोटर असं काहीही असतं. शिवाय सीएनजीच्या रांगेत पहाटे उभं राहणं वडिलांना जमणार नाही आणि मला जमवायचं नाही.

---

जुना_मायकोकर

सातपूरला मायकोत (आता सगळे बॉश म्हणतात, आमच्या तोंडी मायकोच) आयुष्य गेलं, नोझल आणि इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांच्या) लाइनवर. म्हणून थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

तुमच्या स्विफ्टला एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, नाही. नव्या गाडीत आहे. हा म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा, त्यात काजळी अडकते. ठरावीक काजळी साठली की इंजिन स्वतःच जास्तीचं डिझेल मारून एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापवतं आणि ती जाळून टाकतं. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात चालावी लागते. इंदिरानगर ते अंबड एवढ्यात इंजिन नीट तापतही नाही. मध्येच किल्ली फिरवलीत की जाळण्याचं काम अर्धवट, आणि ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून नव्या डिझेल गाडीची डिपस्टिक काढल्यावर पातळी वर चढलेली दिसली तर "वा, ऑइल अजिबात खात नाही" म्हणून खूश होऊ नका. ऑइल पातळ होतंय.

दुसरं ऑइलचंच. या गाड्यांना लो-ॲश ऑइल लागतं. काजळी जळते, ऑइलमधली राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने ट्रॅक्टरचं ऑइल ओतलं तर गाडी त्या दिवशी छान चालेल, फिल्टर मात्र दोन-तीन वर्षांत बोलेल.

तिसरं, आणि हे बागायतदारांना मी नेहमी सांगतो. बागेतल्या बॅरलमधलं डिझेल या गाडीत कधीही टाकायचं नाही. रात्री अडलात तरी नाही. टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार असते, कॉमन रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) डिझेल दीड हजार बारच्या वर असतं आणि नोझलची भोकं केसाएवढी. बॅरलच्या तळाला पाणी आणि माती असतेच. ट्रॅक्टर ते पचवतो, हा इंजेक्टर नाही पचवणार. चारही बदलायची वेळ आली तर बिल पाहून तुम्हाला बागच विकावीशी वाटेल.

इंजिन वाईट नाही. प्रश्न तुमच्या एप्रिल ते सप्टेंबरचा आहे. हंगामात ३५ किमी हायवे रोज मिळतो, फिल्टर आपोआप साफ होत राहील. उन्हाळा-पावसाळ्यात गाडी कुठे जाते ते आधी सांगा.

---

त्र्यंबकरोडवाली

मायकोकर काकांना दुजोरा. आमची छोटी एसयूव्ही, कंपनीचं नाव घेत नाही. कोविडनंतर घर ते शाळा, शाळा ते घर, जेमतेम चार किमी. वर्षभरात डीपीएफचा दिवा तीनदा. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी लॅपटॉप लावून फोर्स रिजन करायचे (म्हणजे उभ्या गाडीत काजळी जाळायचे) आणि वर ऑइल बदलायचे. चौथ्यांदा त्यांनी फिल्टर बदला म्हणून सांगितलं. शोरूममध्ये विकताना एकाने तरी विचारायचं होतं की मॅडम, गाडी कुठे चालवणार? विकून टाकली.

पण माझा दीर तेच इंजिन नाशिक-धुळे चालवतो, त्याला तो दिवा कुठे असतो तेही माहीत नाही.

---

कार्ब्युरेटर

जरा अवांतर. छोट्या गाडीतली छोटी डिझेल गेली कुठे, असं कोणी विचारलं की मला २०१५ ची सेलेरिओ आठवते. ७९३ सीसी, दोन सिलिंडर, ४७ पीएस! मित्राकडे होती. सिग्नलला उभी राहिली की आरशातला मागचा माणूस नाचताना दिसायचा. पण मायलेज असं की पंपवाला ओळख विसरायचा. त्याआधी बीटमध्ये ९३६ सीसी होतं, नंतर टियागोत १०४७ सीसी, आय१० निऑसमध्ये ११८६. एकेक करत सगळी गेली. कारण सरळ आहे: फिल्टर, सेन्सर, नायट्रोजन ऑक्साइडचा बंदोबस्त या सामानाचा खर्च इंजिन अर्धं केलं म्हणून अर्धा होत नाही. वीस लाखांच्या गाडीत तो खपून जातो, सात लाखांच्या गाडीत नाही. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेलच बंद केलं. १५०० सीसीची जी टिकली तीही कराच्या रेषेमुळे, चार मीटरच्या आत डिझेलला १५०० सीसीपर्यंतच छोट्या गाडीचा दर मिळतो.

आणि दहा वर्षांनी डिझेल भंगारात, ही भीती कोणी घातली असेल तर तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे. नाशिकला पंधरा वर्षांनी फेरनोंदणी.

---

इंदिरानगरी

काकांच्या प्रश्नाने पंचाईत केली. मी १३-१४ हजार अंदाजाने लिहिलं होतं. पण वडिलांची एक वही आहे, २०१२ पासून प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल आणि मीटरचं रीडिंग त्यात. आम्ही सगळे तिची चेष्टा करायचो. काल रात्री बसून आकडे काढले.

मागच्या ऑक्टोबर ते मार्च: ११,००० किमी. एप्रिल ते सप्टेंबर: २,६००. एकूण १३,६००, म्हणजे अंदाज बरोबर, पण वाटणी पाहून मीच गप्प झालो. त्या सहा महिन्यांत एकदा पुणे सोडलं तर गाडी नाशिकच्या द्वारका चौकापुढे गेलेली नाही. खरड छाटणीला (एप्रिलच्या छाटणीला) मी बागेत जात होतो, पण चुलतभावाच्या पिकअपमधून, कारण तो तसाही रोज जातो.

हिशेबही केला. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९० गोल धरलं, मायलेज १५ आणि २०. किलोमीटरला ७ रुपये आणि साडेचार. फरक अडीच रुपये, वर्षाला ३४ हजार. म्हणजे वरचे १ लाख ४० हजार भरून यायला चार वर्षं. आमच्याकडे गाडी तेरा वर्षं टिकते, तेव्हा पैशाचं गणित बसतंय. फिल्टरचं बसतंय का, काका?

---

जुना_मायकोकर

वडिलांना माझा नमस्कार सांगा. आमच्या लाइनवर असे चार लोक असते तर रिजेक्शन अर्धं झालं असतं.

बसवता येईल. बिगरहंगामात आठवड्यातून एकदा पिकअप सोडा आणि स्वतःची गाडी बागेवर न्या. चौथ्या-पाचव्यात ऐंशीने, ओझरच्या पुढे रस्ता मोकळाच असतो. ती एक चक्कर पुरते. अंबडला ॲक्टिव्हा. वडिलांची फिजिओथेरपी गाडीनेच होऊ द्या, तेवढ्याने काही बिघडत नाही. दिवा लागलाच तर घाबरून लगेच सर्व्हिस सेंटर गाठू नका, जेवण झाल्यावर पिंपळगाव टोलच्या अलीकडून वळून या. दिवा लागलेला असताना आठ दिवस शहरात फिरलात, तर मात्र लॅपटॉपवाल्यांशी गाठ आहे.

हे पाळणं जमणार नसेल तर पेट्रोल घ्या, वाईट वाटून घेऊ नका.

---

त्र्यंबकरोडवाली

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या आजूबाजूला घेऊ नका. चार माणसं बसवून चढावर न्या. दुसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबून बघा, टर्बो उठेपर्यंत किती वाट बघावी लागते ते तिथेच कळतं. स्विफ्टची सवय आहे म्हणजे तुम्हाला फारसं जड जाणार नाही.

---

इंदिरानगरी

सगळ्यांचे आभार. रविवारी कसाऱ्यापर्यंत नेऊ देतील का विचारलंय, इगतपुरीपर्यंत हो म्हणालेत. आई-वडील दोघंही सोबत येणार, त्यामुळे वजनाची चाचणी आपोआप होईल.

घरात ठरलंय ते असं: डिझेलच. बुधवारची बागेची चक्कर माझी, पिकअप बंद. ॲक्टिव्हाला नवीन टायर टाकले. बॅरलचा मुद्दा वडिलांना सांगितला तर म्हणाले, "मी कधी टाकलं होतं?" आई शेजारीच बसली होती. तिने २०१७ च्या एका रात्रीची आठवण करून दिली, आणि विषय बदलला.

स्विफ्टला कोणी गिऱ्हाईक असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. क्लचचं काम करून देईन. वही मागू नका, ती मिळणार नाही. झेरॉक्स देतो.