तंबाखू सुटत नाही म्हणणारे सगळे नाटकी?

रानजाई: परवा इथे गडकोट यांनी लिहिलं, "तंबाखू सुटत नाही म्हणणारे नाटकी. मनात आणलं तर एका दिवसात सुटते, मी सोडली." वर टाळ्याही पडल्या. उत्तर द्यायला बसले ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढतेय.

सोडायचीय आणि सोडवत नाहीय, ही दोन्ही मनं एकाच माणसात असतात आणि दोन्ही खरी असतात. माझा भाऊ ट्रकवर आहे. त्याला कर्करोगाची चित्रं दाखवून झाली, आईची शपथ घालून झाली. शेवटी वहिनीने एकदा न चिडता विचारलं, "सोडलीत तर काय अडेल?" तेव्हा कुठे तो बोलला. पहाटे पोट साफ होणार नाही. रात्री घाटात डोळा लागेल. आणि ढाब्यावर अनोळखी ड्रायव्हरशी बोलणं कशावरून काढायचं? चुन्याची डबी पुढे केली की ओळख होते.

यातलं एकही कारण खोटं नाही. निकोटिनने आतडी हलतात, तरतरी येते, आणि चुन्यामुळे ते गालातून भराभर रक्तात उतरतं. काय काय जाणार ते त्याला दिसतंय, मग मन आडवं येणारच. त्यावर तुम्ही "नाटकी" म्हटलंत की तो तंबाखूची बाजू घेतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दारू जास्त पिणाऱ्यांचा अभ्यास छापला. समुपदेशकाने जितकं तोंडावर सुनावलं, तितकी ती माणसं वर्षभरानंतर जास्त पीत होती.

गडकोट: वा! आता सबबींनाही अभ्यासाचा टेकू. ताई, कारणं विचारली की माणूस कारणं देतो, वर चार जास्तीची देतो. मला कुणी "काय अडेल" विचारलं नव्हतं. बाप वॉर्डात होता, जबडा काढलेला. बाहेर आलो आणि पुडी गटारात टाकली. विषय संपला. अमेरिकेतल्या दारुड्यांवरून आमच्या तंबाखूचं काय ठरवताय?

रानजाई: म्हणजे वॉर्डातला बाप बघावा लागला. नुसतं मनात आणून सुटली नाही तर.

गडकोट: माझ्या बापावर येऊ नका.

नागपुरी_तर्री: मन-बिन राहू द्या. २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली ना? आमच्या इकडे पानठेल्यावर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, आजही पन्नीत घोटून मिळून राहिला. समोर मिळत असल्यावर मन काय करणार? आधी ठेले बंद करा, मग अभ्यास वाचा.

कोरा_चहा: ट्रक, ढाबा, पानठेला. सगळी पुरुषमंडळी! मशेरीचं नाव कुणी काढलं का? २०१६-१७ च्या सर्वेक्षणात राज्यातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरत होत्या. माझ्या सासूबाई तव्यावर भाजायच्या तेव्हा शेजारच्या खोलीतही ठसका लागायचा. पण त्यांना व्यसनी म्हणायची कुणाची टाप नव्हती. काय तर म्हणे, दात घासतायत. दिवसातून पाच-सहा वेळा कोण दात घासतं?

गडकोट: मशेरी कशाला मध्ये आणता? जुन्या बायका लावतात, हिरड्यांना बरी असते. गुटख्याशी तिची तुलनाच नाही.

कोरा_चहा: भाजली म्हणून तंबाखूची हळद होत नाही! हिरड्यांचं हे आजीचं पुराण ऐकून माझे कान किटलेत. आणि हो, नाटकी वगैरे कोण म्हणत होतं हो इथे?

गडकोट: माझी आई लावते. बाप गेल्यापासून जास्तच. सत्तरी उलटलेल्या बाईला मी आता काय शिकवू?

रानजाई: मग आईही नाटकी का?

गडकोट: आईची गोष्ट वेगळी आहे.

कोरा_चहा: प्रत्येकाच्या घरातली वेगळीच असते. सासूबाईंनी एकदा सांगितलं, लग्न होऊन आल्या तेव्हा दिवसभरात बसायला मिळायचं ते मशेरी लावतानाच. तेवढा वेळ कुणी काम सांगायचं नाही. आता ती सोडा म्हणायचं तर तो वेळ कुठून द्यायचा, हे घरातल्या एका तरी पुरुषाने विचारलं का?

नागपुरी_तर्री: ताई, तुम्ही तर पूर्ण धागाच पळवला. खर्ऱ्याचं राहिलंच.

गडकोट: बरं बाई, जिंकलात. आईला नाटकी म्हणत नाही. पण तरण्याताठ्या पोरांना म्हणणार, शंभरदा म्हणणार. आणि रानजाई, एवढं सगळं लिहिलंत, भावाची सुटली का ते सांगितलंच नाहीत.

रानजाई: सुटलेली नाही. पहाटेची बंद झाली. कोमट पाणी आणि पपई, त्याला दोनेक आठवडे लागले, तोवर घरात सगळ्यांवर खेकसत होता. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनला, म्हणजे १८००-११-२३५६ ला, त्याने स्वतः फोन केला, आम्ही मागे लागलो नव्हतो. घाटातली अजून चालू आहे.

गडकोट: म्हणजे नाहीच सुटली.

रानजाई: घाटातली नाही. मालक रात्रीच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर देत नाही. त्या मालकाला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.