न्यायालयातील रहस्यखेळ : उलटतपासात योग्य पुरावा कसा निवडावा?

किनारपट्टी (मालवण) यांचा प्रश्न :

नमस्कार. निन्टेन्डो स्विच या हातात धरता येणाऱ्या खेळयंत्रावर ‘फिनिक्स राइट : एस अ‍ॅटर्नी ट्रिलॉजी’ हा तीन भागांचा खेळ मी सध्या खेळत आहे; त्यात आपण बचावाचे वकील होऊन साक्षीदारांच्या जबानीतील विसंगती पुराव्याने दाखवायची असते. पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी बाहेर पडणे होत नाही आणि विजेचाही भरवसा नसतो, त्यामुळे हातात धरून, निवांत वाचत खेळता येईल असे काही हवे होते. पहिल्या भागातील दोन प्रकरणे पार पडली. तिसऱ्यात मात्र स्टुडिओच्या पहाऱ्यावरच्या बाई साक्षीला उभ्या राहिल्यापासून माझे घोडे अडले आहे. त्या इतके बोलतात की त्यातील नेमके कोणते वाक्य धरावे, हेच उमगत नाही. गुन्हेगार कोण असावा याविषयी माझा एक तर्क आहे आणि त्या तर्काला पोषक असा पुरावा मी पुढे करतो. न्यायाधीश तो फेटाळतात आणि दंड म्हणून, चुका मोजणाऱ्या पाच उद्गारचिन्हांपैकी एक हातचे जाते. कृपया कोणी उत्तर सांगू नये, विचार करण्याची पद्धत सांगावी. शिवाय येथे कोणी वकील असल्यास, खऱ्या उलटतपासाशी हे कितपत जुळते, हेही जाणून घ्यायला आवडेल.

भाट्ये (रत्नागिरी) :

आपली अडचण आपल्याच एका वाक्यात आहे. तर्काला पोषक पुरावा हा खेळ त्या क्षणी मागतच नाही. समोर जे एक वाक्य उभे आहे, ते आपल्याजवळच्या कोणत्या नोंदीमुळे खोटे ठरते, एवढाच त्याचा प्रश्न असतो. गुन्हेगार कोण, हे त्या वेळी बाजूला ठेवावे.

पहिले प्रकरण आठवून पाहा. (त्यातील गुन्हेगार सुरुवातीलाच दाखवला जातो, म्हणून येथे लिहिण्यास हरकत नाही.) साक्षीदार सांगतो की मृतदेह दिसला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूची वेळ चार ते पाचच्या दरम्यानची आहे. या ठिकाणी साक्षीदाराच्या स्वभावाचा किंवा हेतूचा विचार करण्याची काहीही आवश्यकता नाही; दोन वेळा शेजारी शेजारी ठेवल्या की काम झाले. पुढे तो सावरून घेतो आणि ती वेळ दूरचित्रवाणीवर ऐकली असे म्हणतो. परंतु त्याआधी त्या घरातील फोन का चालला नाही याचे स्पष्टीकरण देताना खुद्द सरकारी वकिलांनीच इमारतीतील वीज गेली होती अशी नोंद न्यायालयापुढे ठेवलेली असते. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला तरी हे शोधायला फार वेळ लागू नये. वीज नसताना टीव्ही कसा चालला, हा आपल्याकडचा पहिलाच प्रश्न असतो.

यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की उपयोगी पुरावा पुष्कळदा विरुद्ध पक्षच आपल्या हाती देतो, आणि तो मिळाल्यावर आधी ऐकलेली जबानी नव्याने वाचावी लागते. बोलघेवड्या साक्षीदाराच्या बाबतीत मी वाक्यांतील विशेषणे आणि तक्रारी सोडून देतो आणि वेळ, जागा, संख्या व ‘फक्त’, ‘कोणीच नाही’, ‘नक्की’ असे ठाम शब्द तेवढे पाहतो. आपल्या प्रकरणात एक छायाचित्र आहे. त्यावर काय काय छापले आहे ते नीट वाचावे. याहून अधिक सांगत नाही.

खाडीपलीकडे (चिपळूण) :

मी जिल्ह्यातील न्यायालयांत फौजदारी काम करतो आणि हा खेळ आवडीने खेळलो आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

विसंगती दाखवून साक्षीदाराची विश्वासार्हता कमी करणे हा गाभा खरा आहे. साक्षीदाराचे पूर्वीचे लेखी कथन आणि न्यायालयातील जबानी यांत फरक असेल तर तो उलटतपासात दाखवता येतो; भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मधील कलम १४५ ची ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १४८ मध्ये आहे. पण त्यासाठी कथनातील नेमका तेवढा भाग साक्षीदाराच्या निदर्शनास आणून द्यावा लागतो. टेबलावर हात आपटून ‘ऑब्जेक्शन’ म्हणत कागद उगारण्याची सोय आम्हाला नाही. तसे केल्यास साक्षीदाराऐवजी न्यायाधीश आमचाच समाचार घेतील.

सर्वांत मोठा फरक ‘प्रेस’ करण्यात आहे. खेळात प्रत्येक वाक्यावर थांबवून खोदून विचारता येते आणि त्याबद्दल सहसा दंड होत नाही. आमच्या पेशात नवशिक्याला पहिल्याच महिन्यात बजावले जाते की ज्याचे उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न उलटतपासात विचारू नये, कारण सरतपासात (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेल्या तपासणीत) राहून गेलेली गोष्ट साक्षीदार नेमकी त्या उत्तरात भरून काढतो आणि आरोपीच्या विरुद्धचा पुरावा आपणच पुरा करून देतो. या खेळाच्या सवयीने कोणी वारसाहक्काच्या किंवा बांधाच्या दाव्यात उभा राहिला (आणि कोकणात अशा दाव्यांना तोटा नाही), तर पक्षकाराने वेळीच दुसरा वकील पाहावा.

तिसरी बाब पुराव्याच्या भाराची. वाजवी संशय निर्माण झाला तरी आरोपी सुटतो, हा आपला नियम. खेळात बचावाच्या वकिलाला जवळजवळ प्रत्येक वेळी खरा गुन्हेगारही हजर करावा लागतो, तोही तीन दिवसांत. याचे मूळ जपानमध्ये आहे. हा खेळ तेथे २००१ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला आणि त्या देशात खटला उभा राहिल्यावर दोषी ठरण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे. आरोपीला दोषी गृहीतच धरणाऱ्या या व्यवस्थेची थट्टा त्यात जागोजागी दिसते. सामान्य नागरिकांना न्यायाधीशांसोबत बसवण्याची पद्धत तेथे २००९ मध्ये सुरू झाली.

तिसरी सीट (वेंगुर्ले) :

रत्नागिरीकरांची पद्धत योग्य आहे, परंतु नवख्यासाठी मी क्रम उलटा सांगेन. प्रथम प्रत्येक वाक्यावर ‘प्रेस’ करून संपूर्ण जबानीची एक फेरी पूर्ण करावी आणि मगच पुरावे उघडावेत. काही वेळा खोदून विचारल्यावर साक्षीदार जबानीत नवे वाक्य घालतो आणि विसंगती त्याच वाक्यात दडलेली असते. ते वाक्य पुढे येण्याआधी कितीही डोके लढवले तरी उपयोग होत नाही. वकीलसाहेबांनी हा सल्ला खेळापुरताच समजावा.

याशिवाय, या आवृत्तीत हवे तेव्हा सेव्ह करता येते. पुरावा सादर करण्यापूर्वी सेव्ह केल्यास उद्गारचिन्हांची धास्ती उरत नाही. मला त्यात कमीपणा वाटत नाही. दंडाच्या भीतीने अंदाजपंचे खेळण्यापेक्षा ते बरे. आणि या खेळाला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे कोकण रेल्वेच्या प्रवासात तो उत्तम चालतो. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात डब्यातले सगळे फोन मुके होतात, तेव्हा माझा साक्षीदार बोलतच असतो.

किनारपट्टी (मालवण) :

सर्वांचे आभार. छायाचित्रावरील क्रमांक पाहिला आणि बाईंच्या बोलण्यातील फट दिसली. वकीलसाहेबांनी सांगितलेला ‘प्रेस’चा फरक घरी वाचून दाखवला, आमच्या वडिलांचा जमिनीचा दावा चालू असल्याने त्यांनी तो विशेष लक्षपूर्वक ऐकला. आता एवढेच विचारतो की दुसऱ्या भागात दंडाची रीत हीच आहे का?

भाट्ये (रत्नागिरी) :

नाही. तेथे उद्गारचिन्हांऐवजी एक पट्टी असते आणि चूक किती गंभीर आहे त्यानुसार ती कमी-अधिक घटते. एक दिवसाची सुनावणी संपली म्हणून ती आपोआप भरून येत नाही. तपासाच्या वेळी लोकांच्या मनावरची कुलुपे दिसू लागतात. ती योग्य पुराव्याने उघडली की पट्टी काही प्रमाणात भरते. पुरेसे पुरावे जमले नसतील तर कुलपाच्या संवादातून मध्येच माघार घेता येते, म्हणून तेथे हट्ट करू नये आणि सुनावणीला जाण्यापूर्वी उघडता येतील तेवढी कुलुपे उघडूनच जावे.