प्रति: मीपणा ठरवून सुटतो का?

‘प्रेम करायचं तर मीपणा सोडा’ हे पटतं, पण ठरवून सोडायचा कसा, असं वर विचारलंय. माझ्यापुरतं सांगतो. आषाढीला कोल्हापुरातनं नंदवाळला पायी दिंडी जाते. (मी गेलो ते आईनं पिच्छा पुरवला म्हणून, भक्ती-बिक्ती काही नाही.) वारकऱ्यांची रीत अशी की समोरचा पाया पडला की आपणही वाकायचं, वय, जात, हुद्दा बघायचा नाही. असाच वाकलो, तर समोर चिखलानं भरलेले, भेगाळलेले पाय. थोरल्या भावाचे! बांधावरनं दोन वर्षं अबोला होता आमचा. उठायच्या आत तोही वाकला, डोक्यावर डोकं आपटलं. ‘लागलं काय रं?’ एवढंच म्हणाला. बांध अजून वाकडाच आहे. त्यावरच बसून शेंगा खातो आता.